विल्फ्रेड अंकलच्या माडीखालची तुळई

स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. सागवानात तो जायला नको. सागवानावर स्क्रूड्रायव्हर दाबला तर हात दुखतो, लाकडाला काही होत नाही. इथे मात्र ओल्या बिस्किटात बोट घालावं तसा गेला.

मी शिडीवर होते. खाली घरमालक विल्फ्रेड अंकल उभे होते, सत्तरीचे, बनियनवर. त्यांनी आधी दरवाज्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काढ तो. कुणी बघायच्या आत काढ."

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. घर उभं राहील की नाही, हे सांगायचं आमचं काम. कसं दिसेल ते आर्किटेक्ट बघतो. माझ्याकडे बहुतेक जुनी कामं येतात. बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये ऑफिस करायचंय, जुन्या गाळ्यात जिम काढायचीय, अशी. हे काम अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणातलं होतं. गावठाण म्हणजे मूळ गाव. शहर चहूबाजूंनी वाढलं आणि हे मध्ये तसंच राहिलं. अरुंद गल्ल्या, कोपऱ्यावर क्रूस, कौलारू घरं. अंकलचं घर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या पद्धतीचं, खाली विटांच्या जाड भिंती, वर लाकडी माडी. शंभरी केव्हाच उलटलेली.

मला बोलावलं होतं ते रंगासाठी. म्हणजे अंकलच्या मते रंगासाठी. त्यांची मुलगी ग्लेनिस हिचं लग्न नाताळानंतर होतं आणि हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीचा रंग दर पावसाळ्यानंतर पापुद्र्यासारखा निघत होता. "दोन पेंटर बदलले, फरक नाय. ग्लेनिस म्हणाली, एकदा इंजिनियरला दाखव. बघ आणि सांग कुठला रंग टिकेल."

मी म्हटलं, "अंकल, रंगाचा दोष नाही. थोडी खरवडून बघू."

खरवडायला लागलो आणि घराचा इतिहासच निघाला. वर गुलाबी ऑइल पेंट, त्याखाली पोपटी, त्याखाली आकाशी. अंकल खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले. पोपटी त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा, आकाशी मोठ्या बहिणीच्या. या घरात रीतच होती, लग्न ठरलं की आधी घर रंगवायचं, आणि रंग कसा, तर चकाचक, पुसता येईल असा. अंकलच्या लग्नाच्या वेळी तर बाहेरून जुना चुना काढून सिमेंट प्लास्टरही मारून घेतलेलं. मजबुतीसाठी!

इथे थोडं समजावून सांगते. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. पावसात त्या पाणी पितात आणि ऊन पडलं की सोडून देतात. चुना त्यांना वाळू देतो. सिमेंट आणि ऑइल पेंट वाळू देत नाहीत. सिमेंटला बारीक तडे जातात, तिथून पाणी आत शिरतं आणि मग अडकतं. पश्चिमेची भिंत पावसाचा सगळा मारा खाते. थोडक्यात, या घरात जितकी लग्नं झाली तितकी ती भिंत जास्त कोंडली. माणसं हौसेने घराला रेनकोट घालत होती आणि पाणी आतल्या बाजूला होतं.

आता त्या ओल्या भिंतीत माडीच्या तुळयांची टोकं रोवलेली होती. तुळई म्हणजे माडीचा सगळा भार घेणारं आडवं लाकूड, ज्याला आम्ही बीम म्हणतो. म्हणून मी शिडी लावली. बाकीच्या तुळया खणखणीत निघाल्या. मधली मुख्य तुळई बाहेरून दिमाखदार आणि भिंतीत शिरते तिथे भुसा.

मी खाली उतरले. "अंकल, आजपासून माडीवर कुणी जायचं नाही."

"येडी झालीस का? ग्लेनिस माडीवरच नटणार. या घरातली प्रत्येक नवरी माडीवर नटलीय. तिची मम्मी त्याच जिन्यावरून उतरली. आदल्या रात्री विहिरीवरून नवरीच्या आंघोळीचं, उंबराचं पाणी आणलं की सगळ्या बाया वर जातात, गातात, नाचतात."

"नाचतात?"

"लग्न हाय! रडायचं काय?"

"तुळई मोडली तर खरंच रडायची वेळ येईल. मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल."

हे ऐकलं आणि माणूस बदललाच. खुर्चीवरून उठले. "धोकादायक, हा शब्द लिहायचा नाय. माझा धाकटा भाऊ त्याचीच वाट बघतोय. बिल्डर त्याच्या घरी चहा पिऊन जातो. तू कागदावर तो शब्द लिही, लग्नाच्या आधी म्युनिसिपालिटी हे घर पाडेल. रंग सांगायला बोलावलं तुला. रंग सांग नायतर जा."

माझं डोकं फिरलं. मी मालवणातल्या लोकांची मुलगी आहे, गप्प बसणं आमच्या घराण्यात नाही. म्हटलं, "जाते. पण त्या तुळईखाली जेवायचं टेबल लावू नका." आणि तणतणत निघून आले.

चार-पाच दिवसांनी ग्लेनिसचा फोन. ती फिजिओथेरपिस्ट, आवाज शांत, पण त्या दिवशी कापत होता. "मॅडम, डॅडींनी पीओपीवाला आणलाय. फॉल्स सीलिंग करतायत. तुम्ही जे भोक पाडलं ते झाकलं जाईल म्हणतात."

फॉल्स सीलिंग म्हणजे खऱ्या छताखाली टांगलेलं खोटं छत. कुजलेल्या तुळईला आणखी ओझं, आणि वर ती दिसणारही नाही. मी हातातलं काम टाकलं आणि रिक्षा पकडली.

पोचले तर पीओपीवाला फ्रेम ठोकत होता. मी त्याला म्हटलं, "भाऊ, खाली उतर आधी, तुझ्यासाठीच सांगतेय." तो उतरला. अंकल लालबुंद. "तुला कुणी बोलावलं?"

"मी," ग्लेनिस म्हणाली. "डॅडी, माडीवर कोण कोण चढणार सांग. आंटी क्लारा, तिच्या पोरी, माझ्या मैत्रिणी, त्यांची बाळं. बरोबर? तुला माहितीये की खालचं लाकूड कुजलंय. मग कसा रे तू त्यांना वर पाठवणार?"

अंकल जिन्याकडे वळले.

"मी हॉल बुक करते," ती म्हणाली. "घर राहू दे. लग्न हॉलमध्ये."

"हॉलमधून पोरगी पाठवू?" अंकलचा आवाज फुटला. "मम्मी नाय तुझी. निदान घर तरी नको का?" आणि तो एवढा मोठा माणूस जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागला. पीओपीवाल्याने आपणहून त्यांना पाणी आणून दिलं. माझा सगळा राग तिथेच गळाला.

मी त्यांच्या शेजारी बसले. "अंकल, ऐका. घर धोकादायक नाही. एक तुळई धोकादायक आहे. तसंच लिहीन, आणि दुरुस्त झाली की तेही लिहीन. लग्नापर्यंत तुळई नक्की होईल. पण भिंत होणार नाही. सगळं सिमेंट काढून ती उघडी वाळू द्यावी लागेल, मग चुना. त्याला महिने लागतात. लग्नात तुमच्या हॉलची भिंत नागडी दिसेल, विटा बाहेर. ना रंग, ना प्लास्टर."

"अख्खं गावठाण येणार."

"येऊ दे. भिंत बघून नावं ठेवतील. माडी पडली तर नावंसुद्धा ठेवता येणार नाहीत."

ते उठले, भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग पीओपीवाल्याला म्हणाले, "तू जा. तुझ्या पैशाचं काय ते नंतर बघू." आणि मला, "कर मग. झटपट कर."

काम सांगायला सोपं आहे. आधी माडीला खालून लोखंडी टेकू दिले, भार त्यांच्यावर घेतला. जॅकने माडी हळूहळू, अगदी केसाकेसाने उचलली, कारण जुनं घर घाईत उचललं तर दुसरीकडे तडकतं. तुळईचं कुजलेलं टोक कापलं. उरलेल्या चांगल्या लाकडाला दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल, म्हणजे पन्हळीच्या आकाराच्या जाड पट्ट्या, लावून आरपार बोल्ट मारले आणि ते चॅनेल भिंतीत दगडाच्या ठोकळ्यावर टेकवले. टोकाभोवती मोकळी जागा सोडली, हवा खेळायला. बाहेर-आतलं सिमेंट फोडलं. पहिले काही दिवस भिंतीला असा वास यायचा की कामगार तोंडाला रुमाल बांधून बसायचे. अंकल रोज हात लावून बघायचे आणि ओरडायचे, "अजून थंड हाय गो!"

शेवटी माडीवर पाण्याची पिंपं ठेवून भार दिला आणि तुळई किती वाकते ते खालून मोजलं. पिंपं उतरवल्यावर माडी पूर्ववत झाली. कागदावर सगळं नीट बसलं. मी रिपोर्ट दिला.

लग्नाच्या आदल्या रात्री मला आग्रहाचं बोलावणं होतं. साडी नेसून गेले. भिंत विटकरी आणि उघडी. आंटी क्लारा म्हणजे अंकलची बहीण, आकाशी रंगवाली. तिने येताच विचारलं, "विल्फ्रेड, रंगाला पैसे नव्हते का रे?" अंकल नुसते हसले.

मग बाया पाणी घेऊन आल्या, मातीच्या मडक्याला चामडं ताणलेलं घुमट वाजायला लागलं आणि सगळ्या नटूनथटून जिना चढल्या. गाणं सुरू झालं. ठेका धरला. माडी दणाणायला लागली. पिंपांचा भार माडीने पेलला होता खरा, पण पिंपं नाचत नाहीत. गणित मी केलं होतं, पुन्हा तपासलं होतं, नाचणाऱ्या माणसांचाही भार धरला होता. तरी माझे पाय आपोआप हॉलच्या मध्यावर गेले आणि मी त्या तुळईखाली जाऊन उभी राहिले, मान वर करून. हातातल्या ताटातलं वडा-मटण थंड झालं. खरं सांगते, तेवढी भीती मला कुठल्याच साइटवर वाटली नाही.

अंकल सूट घालून आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले.

मी म्हटलं, "अंकल, तुम्ही जरा बाजूला व्हा ना."

"का? तू उभी हायस ना?"

वर बायांनी आणखी एक गाणं घेतलं. आम्ही दोघंही तिथून हललो नाही. ग्लेनिस नटून जिना उतरली तेव्हा अंकलनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

भिंत पुढे वाळली, पावसाळ्याच्या आत चुनाही झाला. धाकट्या भावाला माझ्या रिपोर्टचा काही उपयोग झाला नाही. माझ्यात मात्र एक बदल झाला. क्लायंट विचारतात, "मॅडम, नक्की टिकेल ना?" पूर्वी मी ड्रॉइंग उघडायचे, आकडे दाखवायचे. आता वर माणसं चढवते आणि खाली जाऊन उभी राहते. आणि जिथे उभं राहायची माझी तयारी नसते, तिथे सही करत नाही.