पोरगी नांदते ना?

आमच्या राजूरकडे लग्न झालेल्या मुलीबद्दल कोणी 'सुखात आहे का?' असं विचारत नाही. विचारतात, 'पोरगी नांदते ना?' 'हो' म्हटलं की विषय संपला. ती तिथं हसते की रडते, जेवते की उपाशी निजते, हे त्यात विचारलेलंच नसतं. लहानपणी मला हा शब्द गोड वाटायचा. ताई महागावच्या सासरहून एकटीच एसटीनं परत आली, तेव्हापासून तो कानाला टोचायला लागला.

तिच्या डाव्या हाताला पलस्तर होतं. "न्हानीत घसरली," असं तिनं सांगितलं आणि घरातल्या सगळ्यांनी ते सोयीनं खरं मानलं.

मग एका सकाळी तिचे सासरे आणि भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, तिला न्यायला आले. बैठक बसली. मधोमध मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मी आणि ताई स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या. आई गॅसपुढे होती, पण भाजी करपत होती तरी तिचं लक्ष नव्हतं.

"घर म्हनलं का भांड्याले भांडं लागतेच," मोठे बाबा म्हणाले. "पोरीनं नांदाच लागते."

"आमी कुठं नाई म्हनतो?" सासरे म्हणाले. "सोयाबीन सोंगाले आलं. घरात बाई पाह्यजे."

भाऊजी मोबाइलवर बोट फिरवत होते. बाबा खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली असती, तरी ताई संध्याकाळपर्यंत महागावात असती.

"बॅग भरून ठेव वं," मोठ्या बाबांनी आत आवाज दिला. माझ्या तोंडात शिवी आली होती. ताईनं माझं मनगट दाबलं आणि ती बाहेर गेली. पुरुषांच्या बैठकीत आमच्या घरची बाई अशी कधी गेली नव्हती.

"मी घसरली नाई," ती म्हणाली.

एवढंच. भाऊजींचं बोट थांबलं.

"पोरी, आत जाय," मोठे बाबा म्हणाले. ती हलली नाही.

बाबा उठले. आपली खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली आणि व्याह्यांकडे वळले.

"नांदाले पोरगी जित्ती लागते, पाव्हने. उठा आता."

ते गेले. आईला रडू फुटलं. मला मात्र बाबांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. पलस्तर तर त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं.