विमानतळावरचं घावन

घाटकोपरच्या भटवाडीत नलिनी परब यांना ओळखत नाही असा माणूस एक तर नवा भाडेकरू असणार, नाही तर सकाळी उपाशी घराबाहेर पडणारा. गेली बावीस वर्षं त्यांच्या चाळीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात सकाळी सहा ते अकरा घावनं मिळतात. सोबत नारळाची चटणी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. चौथा पदार्थ नाही. कुणी इडली आहे का विचारलं तर नलिनीबाई समोरच्या उडप्याकडे बोट दाखवतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. बाई फटकळ आहेत. हे त्यांना स्वतःलाही मान्य आहे, आणि त्याबद्दल त्यांना काडीचाही खेद नाही.

त्यांच्या घावनाची सगळी करामत बिडाच्या तव्यात, असं त्या सांगत. तवा सासूचा. सासऱ्यांची गिरणी बंद पडली तेव्हा सासूने लालबागच्या खोलीत चूल मांडली आणि त्या एका तव्यावर पाच माणसांचं घर चालवलं. नलिनीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा पीठ भिजवायचं काम लगेच मिळालं, पण तव्याला हात लावू द्यायला सासूने नऊ वर्षं घेतली. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. काम झालं की तवा फडक्याने पुसून ठेवायचा. साबण तर सोडाच, पाणीसुद्धा जपून. इतक्या वर्षांच्या तेलाने तो तवा काळा कुळकुळीत झाला होता आणि त्यावर घावनाला अशी बारीक जाळी पडायची की उजेडात धरलं तर पलीकडचं दिसावं.

सून श्रुतिका घरात येऊन सहा वर्षं झाली होती. तिला अजून पीठच भिजवायला मिळत होतं.

आता चाळ पाडायला निघाली होती. दिवाळीनंतर गाळा खाली करायचा. नव्या इमारतीत तळमजल्यावर गाड्या उभ्या राहणार होत्या आणि गाड्यांना घावन लागत नाही. घर काही रस्त्यावर येणार नव्हतं. मुलगा राजेश नोकरीला होता, नवरा जयवंत निवृत्त होऊन पेपरातली कोडी सोडवत होता. पण हाताखालच्या दोन बायकांचं काय, आणि मुख्य म्हणजे रोज चारला उठणाऱ्या या बाईने उठून करायचं काय, हा प्रश्न होता. घरी बसायच्या कल्पनेने नलिनीबाईंना धडकी भरायची. हे मात्र त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

बातमी आणली श्रुतिकाने. सांताक्रूझच्या देशांतर्गत विमानतळावर एका छोट्या विमान कंपनीचं लाउंज होतं. विमान सुटेपर्यंत त्यांचे खास प्रवासी तिथे बसतात, खातात. त्यांना सकाळच्या वेळी गरमागरम इथला पदार्थ समोर करून वाढणारं कुणीतरी हवं होतं. श्रुतिकाने परस्पर मेल केला, फॉर्म भरला, आणि चव बघायला बोलावलं आहे असं उत्तर आल्यावरच घरात सांगितलं.

"विमानात बसायच्या आधी माणसं घावन कशाला खातील?" जयवंतनी कोड्यातून डोकं वर काढून विचारलं.

"तुम्ही गाडीत बसायच्या आधी खाता ना तीन-तीन," नलिनीबाई म्हणाल्या. विषय संपला.

ठरल्या दिवशी दोघी मेट्रोने अंधेरीला आल्या आणि तिथून रिक्षाने विमानतळावर. नलिनीबाईंच्या डोक्यावरून आयुष्यभर विमानं उतरत आली होती. घाटकोपरवर ती इतकी खाली येतात की चाकं मोजावीत. पण आत पाऊल टाकायची ही पहिली वेळ. त्या जराही बिचकल्या नाहीत. जांभळी इरकल नेसलेल्या, पर्स काखेत, तांदळाचं कोरडं पीठ डब्यात आणि तवा पंच्यात गुंडाळून हातात; चटणी आणि उसळ श्रुतिकाच्या पिशवीत. लाउंजने दोघींचे पास काढून ठेवले होते. तपासणीच्या यंत्रातल्या पडद्यावर तव्याचा काळा गोल उमटला तेव्हा गणवेशातल्या मुलीने पंचा सोडायला लावला.

"हे काय आहे?"

"तवा. सासूचा आहे."

मुलीने तो दोन्ही हातांनी उचलला आणि वजनाने तिचा खांदा खाली गेला. तिने पासावर लाउंजच्या स्वयंपाकघराचा शिक्का पाहिला, फोन करून खात्री केली आणि सोडलं. "आमची आजी पण ह्यावरच करायची," ती पंचा परत देताना म्हणाली. नलिनीबाईंना हा शकून चांगला वाटला.

लाउंज पाहून मात्र त्यांची थोडी निराशा झाली. राजवाडा असेल असं वाटलं होतं, आणि निघालं गाळ्याच्या चौपट. चाळीसेक गुबगुबीत खुर्च्या, एक काचेची भिंत आणि काचेपलीकडे विमानांची नाकं. तिथला व्यवस्थापक हर्षद, तिशीतला, टायवाला, पण बोलायला मोकळा निघाला. "मावशी, क्षमा मॅडम दहा मिनिटांत येतील. त्यांची साडेदहाची हैदराबाद फ्लाइट आहे, जायच्या आधी चव घेतील. त्याच ठरवतात. तोपर्यंत तुम्ही एक चक्कर मारा, काय खातात लोक ते बघा."

तवा श्रुतिकाच्या हाती देऊन नलिनीबाईंनी चक्कर मारली. वाफेच्या भांड्यात उपमा थिजला होता. पोहे होते, त्यांचा रंग गेला होता. एक माणूस अर्धी बशी तशीच टाकून उठला, त्याच्या मागून दुसरा. नलिनीबाईंचा जीव कळवळला आणि त्याच वेळी त्यांना मनातून खात्री पटली. हे काम आपलंच आहे. कुणाच्या बापाला इथे आपल्या घावनापुढे उपमा आठवणार नाही.

त्या तोऱ्यात त्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि दारातच थांबल्या.

भांडी धुण्याच्या मोठ्या मशीनचं झाकण उघडं होतं, आतून वाफ येत होती आणि एक कर्मचारी त्यातून तवा बाहेर काढत होता. त्यांचा तवा. काळा कुळकुळीत रंग गेला होता. राखाडी, कोरडा, आणि एका कडेला हवा लागताच तांबूस होऊ लागलेला. साबणाचा लिंबाचा वास खोलीभर.

नलिनीबाईंनी पुढे होऊन तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"कोणी घातला?" त्यांनी विचारलं.

"नियम आहे मावशी," कर्मचारी म्हणाला. "बाहेरून आलेलं भांडं आधी मशीनमध्ये. ह्यांनीच दिला."

श्रुतिका ओट्याशी उभी होती. तिने मान खाली घातली नाही, एवढं खरं. "आई, फॉर्मवर लिहिलं होतं. प्रत्येक भांडं मशीनमध्ये धुणार. मी वाचलं होतं, सहीपण केली."

"आणि मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही आला असतात?"

नलिनीबाईंना तिथल्या तिथे तिला फाडून खावंसं वाटलं. संताप तर होताच, पण त्याखाली दुःख होतं, घरातलं माणूस आजारी पडल्यावर होतं तसं. सासूचा हात, आपला हात, सगळं त्या मशीनच्या नळीतून वाहून गेलं होतं. पण बाहेर हर्षद कुणाशी तरी अदबीने बोलत होता. मॅडम आल्या होत्या. भांडायला वेळ नव्हता.

"पीठ कालव," त्या एवढंच म्हणाल्या.

शेगडी विजेची होती. तवा तिच्यावर तापला. नलिनीबाईंनी कांदा कापला, तेलात बुडवला, रगडून रगडून फिरवला. मीठ टाकून तवा घासला, पुन्हा तेल पाजलं. ताकाइतकं पातळ पीठ वाटीने कडेकडेने सोडलं. झाकण ठेवलं. काढलं. उलथणं घातलं तर घावन जागचं हललं नाही. निघालं ते लगद्यासारखं. दुसरं चिकटलं. तिसऱ्याचा अर्धा भाग वर आला, अर्धा तव्यालाच राहिला.

क्षमा मॅडम काउंटरच्या पलीकडे उभ्या होत्या. पन्नाशीच्या, साधा कुर्ता, गळ्यात ओळखपत्र, आणि नजर घड्याळावर. "काही अडचण आहे का?"

"तव्याला साबण लागलाय. आज तो ऐकणार नाही," नलिनीबाई म्हणाल्या. सारवासारव त्यांना येत नसे.

"आई, हे तुकडेच चटणीबरोबर देऊ," श्रुतिका कुजबुजली. "चव तीच आहे."

"फाटकं मी कुणाला वाढलेलं नाही. आज पण नाही वाढणार."

हर्षदने मध्ये पडून कपाटातून एक नॉनस्टिक पॅन काढलं. "मावशी, हे चालेल?"

नलिनीबाईंनी त्या पॅनकडे पाहिलं. असलं भांडं त्यांनी आयुष्यात हातात धरलं नव्हतं आणि त्यांना ते भांडं वाटतही नव्हतं. पण त्या रागाने विचार करणाऱ्या बाई नव्हत्या. राग वेगळा, विचार वेगळा, दोन्ही एका वेळी चालत.

"हर्षद, रोज मशीनमध्ये घालणार का तवा?"

"रोज दोनदा. तपासायला येतात, त्याला इलाज नाही."

म्हणजे हा तवा इथे एक दिवसही टिकणार नव्हता. आज नीट झाला तरी उद्या पुन्हा हेच. तव्यावाचून आपण कोण, हा प्रश्न नलिनीबाईंनी स्वतःला आजवर विचारला नव्हता. तो आता, परक्या ओट्यापाशी, मॅडमच्या घड्याळासमोर विचारावा लागला. उत्तर आवडणारं नव्हतं, पण सरळ होतं. नॉनस्टिकवर त्यांचा हात बसला नसता. या वयात तर नाहीच. दुसऱ्या कुणाचा तरी बसला होता.

त्यांनी कांदा खाली ठेवला, हात पुसले आणि ओट्यापासून दोन पावलं मागे सरल्या.

"श्रुतिका, तू घाल."

"मी?"

"मी गावाला गेले की तुझ्या असल्याच पॅनवर राजेशला घालतेस ना. पिठाचा डबा किती उतरतो ते मला कळत नाही वाटतं?"

श्रुतिकाचे कान लाल झाले. सहा वर्षं सासूच्या पाठीमागे केलेली चोरी अशी चारचौघांत उघडी पडली होती. पण ती पुढे झाली. पॅन ठेवलं, हाताचा तळवा वर धरून ताप पाहिला, पिठात अजून चार चमचे पाणी घातलं. पीठ सोडलं. नलिनीबाईंनी पदराचं टोक घट्ट मुठीत धरलं होतं. मनगट जरा वर धर, असं सांगायला जीभ शिवशिवत होती. गाळ्यात बावीस वर्षं गप्प राहायची वेळ आली नव्हती, आणि हे एक मिनिट त्यांना त्या सगळ्या वर्षांपेक्षा जड गेलं. झाकण निघालं. घावन कडेने सुटलं, पांढरंशुभ्र, आणि श्रुतिकाने ते चौघडी घालून बशीत ठेवलं.

"मॅडम, आधीच सांगते," नलिनीबाई म्हणाल्या. "ह्याला तव्यावरची जाळी नाही. माझ्या घावनाशी जोखू नका. पण हात चांगला आहे तिचा."

क्षमा मॅडमनी उसळीत बुडवून पहिला घास घेतला. मग घड्याळाकडे बघणं सोडलं. दुसरं मागितलं, आणि तिसरं मागताना हर्षदलाही एक द्यायला सांगितलं. काचेजवळच्या दोन प्रवाशांनी हे काय आहे म्हणून विचारलं, त्यांनाही मिळालं.

"पुढच्या महिन्यापासून सुरू करू," मॅडम हात पुसत म्हणाल्या. "एका मुख्य व्यक्तीच्या नावाने पास आणि करार होईल. मदतीला आणखी दोघी घेता येतील. नलिनी परब लिहू ना?"

"हो, आईंचंच लिहा," श्रुतिका पटकन म्हणाली.

"श्रुतिका परब लिहा," नलिनीबाई म्हणाल्या. "मदतीला माझ्या दोघी येतील. पीठ घरून मी दळून देईन, ते दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. बाकी इथलं सगळं ती बघेल."

मॅडमनी दोघींकडे एकदा पाहिलं, नाव लिहिलं आणि हैदराबादचं विमान पकडायला निघून गेल्या. हर्षदही त्यांच्यामागे गेला. श्रुतिका ओटा पुसू लागली. एकच कोपरा तिने चार वेळा पुसला.

"आई, मी सांगायला हवं होतं. चुकलंच माझं."

"चुकलंच. घरी गेल्यावर बोलते, तेव्हा पोटभर ऐकून घे."

असं म्हणून नलिनीबाई काउंटरच्या बाहेर आल्या. काचेजवळची एक गुबगुबीत खुर्ची बघून तिच्यात बसल्या. समोर एक विमान हळूहळू मागे सरत होतं. त्यांना रडू येईल असं वाटत होतं. तव्याचं वाईट वाटत होतं, नावाचंही थोडं वाटत होतं, खोटं कशाला बोला. पण त्याबरोबर खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखंही वाटत होतं, आणि ते त्यांना अपेक्षित नव्हतं.

श्रुतिका पिशव्या भरून जवळ आली. "निघायचं ना?"

"निघायचं काय गो? सकाळपासून पोटात काही नाही. मला वाढ एक."

श्रुतिकाने पिशव्या खाली ठेवल्या. सासूने तिच्या हातचं घावन आजवर मागितलं नव्हतं. ती आत गेली, आणि या वेळी तिला घालायला बराच वेळ लागला. बशी तिने दोन्ही हातांनी समोर धरली.

नलिनीबाईंनी एक तुकडा मोडला. उजेडात धरून पाहिला. तोंडात घातला, सावकाश चावला, काचेपलीकडे बघत गिळला. श्रुतिका खुर्चीच्या पाठीला धरून उभी.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

श्रुतिकाचा चेहरा उतरला. नलिनीबाईंनी बशीतलं उरलेलं घावन संपवलं, बोटं चाटली आणि रिकामी बशी तिच्याकडे धरली.

"दुसरं घाल. आणि आता मीठ बघून."