धोंडुबाईच्या हातचं तेल

धोंडुबाईसारखी सरळ बाई मी पाहिली नाय, आणि तिच्याइतका डोक्याला ताप देणारीही नाय. इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाय.

धरमतरच्या मिठागरात आम्ही दोघींनी वीस वर्षं मीठ ओढलं. खाऱ्या पाण्यानं तिच्या तळव्यांना अशा भेगा पडल्या होत्या की भाकरी थापताना रक्त यायचं. चौऱ्याण्णव साली तेल शोधणाऱ्या एका कंपनीनं रोह्याला शेड टाकली आणि आम्हाला सावलीतलं काम मिळालं. समुद्राच्या तळाखालून काढलेला काळा दगड धोंडुबाई लोखंडी खलबत्त्यात कुटायची, मी भुकटी चाळून बाटल्यांत भरायचे. मुंबईत ती भट्टीत तापवून, दगडातून किती तेल निघतं ते मोजायचे.

आमचा साहेब मुझम्मिल, रोह्याचाच. भाऊ सगळे गल्फला, आणि हा म्हणे, "मी इथंच तेल काढून दाखवतो." पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं होतं, "हाताला क्रीम, पावडर, अत्तर लावून दगडाला शिवायचं नाय."

एका दुपारी तो पेढे घेऊनच आला. "धोंडुमावशी, तुमच्या दगडानं नशीब काढलं! दगड नुसता काळा असून भागत नाय. त्यात झाडपाला गाडलेला असला तर फार तर गॅस. पण शेवाळ असलं, तर ते जमिनीच्या पोटात शिजून तेल होतं."

"मिठागराच्या तळाला शेवाळाचा काळा चिखल असतो, तसं काय?"

"अगदी तसंच! एवढं तेल निघालंय म्हणजे शेवाळच असणार. सोमवारी मुंबईत सगळ्यांसमोर सांगतो, हा दगड निघाला तिथंच विहीर खोदा."

धोंडुबाईनं पेढा तोंडात घातलाच नाय. संध्याकाळी एसटीनं घरी निघालो. मग हळूच म्हणाली, "रंभे, मी रोज कोकमतेल चोळूनच कुटायला बसते गो."

"अगो बये! साहेबानं सांगितलं होतं ना?"

"त्यानं क्रीम सांगितलं. कोकमतेल म्हणजे भेगांचं औषध. मिठागरात ते चोळल्याबिगर कोण कामाला हात घालतं? आता तेच तेल भट्टीत निघालं असलं तर?"

मी तिला कोपरानं ढोसलं. "तोंड मिट! विहीर खोदेपर्यंत वर्ष जाईल, तोवर सावलीत बसू. परत मिठागरात जायचंय काय तुला?"

"नाय जायचं," ती रडायलाच लागली. "पण ते पोर सोमवारी सगळ्यांसमोर उभं राहणार गो."

सकाळी तिनं साहेबाला सांगितलंच. नावातच धोंडा, पायावर पडणारच! साहेब ओरडला नाय. त्यानं पेढ्यांचा रिकामा खोका बाजूला सारला. मग साबणानं हात धुतले आणि नवा दगड स्वतःच कुटला.

ती भुकटी मुंबईत तापवली, तर झाडपालाच निघाला. थोडा गॅस, तेल नाय. तीन महिन्यांत शेडला कुलूप लागलं. साहेबही भावांकडे गल्फला गेला. जायच्या आधी तिच्या घरी येऊन म्हणाला, "मावशी, तुम्ही माझी लाज राखलीत." आमची भाकरी गेली, ते कोण बोलतं!

परत मिठागर. अख्खा हंगाम मी तिच्याशी बोलले नाय. एक दिवस माझेच तळवे फुटले आणि मी बांधावर बसून रडले. ती आली, डबी पुढं केली. "लाव गो. इथं कोण तपासत नाय."

डबीच्या तळाला एकीपुरतंच तेल होतं. मी तिचे हात ओढून घेतले आणि शिव्या घालत घालत ते तिलाच चोळलं.