राणीचं कव्हर आणि एक कादंबरी

समस्त वाचकवर्गास अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, जिच्यावर सगळं गाव फिदा आहे ती कादंबरी मला निम्मीच आवडली.

तिच्यात दोन मित्र मिळून व्हिडिओ गेम बनवतात. ते खेळायला बसले की पुस्तक खाली ठेववत नाही. पण पुढे ते रुसतात, आणि वर्षानुवर्षं रुसूनच राहतात! "अरे, फोन करा ना लेको!" असं मी पुस्तकावर इतक्यांदा खेकसलो, की शेवटी बायको म्हणाली, "आणि सुहासभाऊजींना तुम्ही कधी करणार?"

सुहास माझा बालमित्र. कॅरममध्ये त्याच्या राणीला कव्हर मिळालं होतं की नाही, यावरून दिवाळीपासून आमचा अबोला आहे. गेममध्ये मेलेला माणूस बटण दाबलं की टुणकन उठतो. अबोल्याला असं बटण कुठे असतं, हे मात्र कादंबरीवाले सांगत नाहीत.

काल वाचनालयात गेलो, तर खिडकीपाशी सुहास! हातात मी परत केलेली तीच प्रत, चष्मा कपाळावर, नाक लाल, आणि रुमालाने डोळे पुसणं चाललेलं. मला राहवेना. भर वाचनालयात मी ओरडलो, "रडू नकोस रे सुहाश्या, शेवटी बोलतात ते!"