मोटरवरचं पुरणयंत्र

पुरण वाटायला मोटर लागते असं माझं कधीही म्हणणं नव्हतं. लग्नात माहेरहून मिळालेलं हाताचं पुरणयंत्र होतं. वर्षातून दोन-तीनदा ते माळ्यावरून खाली यायचं, अर्ध्या तासात काम उरकायचं आणि धुऊन-पुसून परत वर जायचं. त्याची काही तक्रार नव्हती, माझीही नव्हती.

तेव्हा आम्ही मद्रासजवळ आवडी गावात, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. हे संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथेच त्यांचे केस पांढरे झाले. तिथे काय करता, हे विचारायची सोय नव्हती. मुलीने शाळेत असताना निबंधासाठी एकदा विचारलं होतं, की बाबा, तुम्ही काय बनवता? पार्ट, म्हणाले. कशाचा पार्ट? मोठ्या पार्टचा. बिचारीने निबंधात आजोबांवर लिहिलं.

निवृत्तीला काही महिने उरले असताना महाराष्ट्र मंडळाच्या मेळाव्याचं पत्रक आलं. पोंगलच्या सुट्टीत वेस्ट मांबलमच्या एका हॉलमध्ये खाण्याचे स्टॉल, मुलांचे खेळ आणि स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन. यांनी ते पत्रक दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. जेवताना म्हणाले, "तेहतीस वर्षं काम केलं. माझ्या हातचं एक काम तुम्हाला कुणाला दाखवता आलं नाही. रिटायर व्हायच्या आत एक तरी वस्तू चार लोकांना दाखवायचीय."

यावर कोण काय बोलणार? मी हो म्हटलं, आणि तिथेच फसले.

दोन महिने माझा ओटा माझा राहिला नाही. गॅसशेजारी धातू घट्ट पकडायचा व्हाइस बसला. रोज संध्याकाळी चहा झाला की कानस सुरू. पितळेचा कीस चटणीच्या डब्यात, मिठात, आणि एकदा तर माझ्या कुंकवाच्या करंड्यात. भंगारवाल्याकडून कुठल्याशा गाडीच्या वायपरची मोटर आणली. तिला न्हाणीघरात माझ्या बादलीत रॉकेलने आंघोळ घातली. कारखान्यातला एक स्क्रूही घरी आणायचा नाही हा यांचा जन्माचा नियम, त्यामुळे प्रत्येक वॉशरसाठी बस पकडून बाजार. मी म्हटलं, तयार मिळतात की ही दातेरी चाकं. तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तयार पोळ्या आणायला सांगितल्या होत्या.

शेवटी यंत्र उभं राहिलं. वर स्टीलचं भांडं, खाली चौकोनी पेटी. पेटीला रंग दिला तो लष्करी हिरवा. दुसराही एखादा रंग जगात असतो, हे यांना सुचलंच नाही. त्याहून कहर म्हणजे पेटी चारी बाजूंनी बंद आणि तिला असे स्क्रू, की घरातला कुठलाच स्क्रूड्रायव्हर लागू नये. त्यांची वेगळी किल्ली यांच्या शर्टाच्या खिशात. आत सगळं कसं बसवलंय ते मलाही दाखवलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, तुला काय करायचंय, पुरण येतंय ना? मी म्हटलं, अहो, पुरण आत गळलं तर धुवायचं कसं? ते म्हणाले, गळणार नाही.

मेळाव्याच्या दिवशी ते पंधरा-सोळा किलोचं प्रकरण पोत्यात बांधून आम्ही निघालो. एका बाजूने यांनी धरायचं, दुसऱ्या बाजूने मी, आणि माझ्या दुसऱ्या हातात गूळ घालून शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा डबा. आवडीहून एक गाडी, मग जिना चढून रस्ता ओलांडून दुसरी गाडी, मग मांबलम स्टेशन ते हॉल पायी. वाटेत दोघा पोलिसांनी पोत्यात काय आहे ते विचारलं. हे सवयीने गप्प. पोत्याचं तोंड सोडून हिरवा रंग पाहिला, तसा त्यांचा संशय आणखी वाढला. शेवटी मीच माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये 'बोळी, बोळी' म्हणत, म्हणजे त्यांची पुरणपोळी, हाताने पोळी लाटून दाखवली, तेव्हा कुठे हसून सोडलं.

हॉलमध्ये आमच्या एका बाजूला जुन्या सीडींची घड्याळं, दुसऱ्या बाजूला आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. तिथे गर्दी, कारण त्या घरात दिवा लागत होता. आमच्याकडे लोक येत, हिरवी पेटी बघत आणि हे काय आहे म्हणून विचारत. हे म्हणत, पुरणयंत्र. लोक विचारत, कसं चालतं? हे म्हणत, मोटरवर. आत काय बसवलंय? यावर यांनी एका सभ्य माणसाला, माझ्या डोळ्यांदेखत, काय उत्तर द्यावं? "ते सांगता येणार नाही."

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. दाखवायला आणलंय ना? मग मीच बोलायला लागले. बटण दाबलं, डाळ घातली, गुळगुळीत पुरण खाली आलं. लोकांनी चमच्याने खाल्लं, छान म्हणाले आणि जाता जाता म्हणाले, पण हे मिक्सीत होतं की. मद्रासच्या घराघरांत मिक्सी आणि ग्राइंडर. त्यांना आमचं काय कौतुक? मंडळाचे सेक्रेटरी येऊन चेष्टा करून गेले, की झाकली मूठ सव्वा लाखाची! हे हसले, पण मला दिसत होतं, यांचा चेहरा उतरत चालला होता. दुपारपर्यंत हे खुर्ची मागे ओढून भिंतीला टेकून बसले. मला यांची कीव येत होती आणि रागही येत होता, आणि कीव आली याचा आणखी राग.

जेवणानंतर एक वयस्कर बाई आल्या. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या, दोन्ही नाकपुड्यांत हिऱ्याच्या चमक्या. त्यांची मराठी तमिळ हेलाची, निम्मी कळायची, निम्मी अंदाजाने घ्यायची. त्यांनी पुरण खाल्लं नाही की मोटरचं विचारलं नाही. पदर खोचून सरळ वाकल्या, पेटीच्या फटीत बोट घातलं आणि बोटाला लागलेलं पुरण यांच्यासमोर धरलं.

"हे उघडत नाही, तर धुवाचं कसं?"

यांनी खिशातली किल्ली वरूनच चाचपली. बाईंनी बोट तसंच धरून ठेवलं होतं. दोन महिने दाबून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. मी म्हटलं, "अहो, हा कारखाना नाही. इथे कुणी शत्रू बसलेला नाही. उघडा ते."

आजूबाजूचे चार-पाच जण वळून बघायला लागले. मी सगळ्यांदेखत यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. हे उठले, खिशातून किल्ली काढली आणि स्क्रू सोडवायला लागले. काढलेला एकेक स्क्रू टेबलावर ओळीने मांडला.

झाकण निघालं. मला यंत्रातलं काही कळत नाही. पण आत चार पितळी चाकं होती आणि त्यांचा एकेक दात कानशीने घासलेला, सगळे एकासारखे एक. बाईंनी नखाने चाक ढकललं, तर सगळी चाकं आवाज न करता फिरली. जिथे कुणाची नजर कधी जाणार नव्हती, तिथे पेटीच्या आतल्या कडासुद्धा घासून गोल केलेल्या, बोट कापू नये म्हणून. बाहेरून जितकं ओबडधोबड, तितकं आतून देखणं.

बाई पुटपुटल्या, की हे कुणी केलं. यांनी "मी" म्हटलं, आणि मग थांबलेच नाहीत. दात कसे आखले, कुठे केसभर जास्त घासलं गेलं म्हणून चाक टाकून दुसरं केलं, तेल कुठे द्यायचं, धुताना काय काढायचं. इतकं सलग बोलताना मी यांना कधी ऐकलं नव्हतं. सीडींच्या घड्याळांवालाही येऊन ऐकत उभा राहिला. बक्षीस काड्यांच्या घराला मिळालं, ते मिळायचंच होतं. यांनी तिकडे पाहिलंही नाही.

तेहतीस वर्षं मी या माणसाच्या हातात डबा देत आले, यांचे तेलकट शर्ट घासत आले आणि धुसफुसत आले, की एवढं काय करतात कोण जाणे. आणि हे रोज असलं काहीतरी करत होते. मला दाखवलं नाही म्हणून राग येत होता, पण तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

आवरताना मी विचारलं, की तिकडचं कामही असंच असतं का? हे चाकं एकेक करून फडक्यात गुंडाळत होते.

"तिकडचं याहून बारीक," म्हणाले.

ते मला कधीच दिसणार नव्हतं.