पुस्तक प्रेसमध्ये आहे

"पुस्तकाचं काय झालं गं?" आईने फोनवर विचारलं.

"प्रेसमध्ये आहे," मी म्हणाले. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून मी फोन ठेवला.

पुढचं सगळं रामायण या एका वाक्याने घडलं, आणि त्यात माझा काडीचा दोष नव्हता. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात. डाळीचे डबे प्रेसमध्ये, कपबशा प्रेसमध्ये. गरम पाण्याच्या टाकीला लागून जे उबदार कपाट असतं, टॉवेल सुकवायचं, ते हॉट प्रेस. २०१७चा हिवाळा होता. डब्लिनमध्ये सँट्रीच्या आमच्या फ्लॅटच्या खिडक्या थंडीत आतून नुसत्या गळायच्या. पुण्याच्या प्रकाशकांना पाठवायचं म्हणून मी माझ्या कथांचं बाड छापून खिडकीत ठेवलं, तर कडा ओल्या होऊन कागद वर वळले. नवऱ्याने ते उचललं आणि हॉट प्रेसमध्ये टॉवेलांवर ठेवून दिलं. म्हणजे पुस्तक खरोखरच प्रेसमध्ये होतं, मोज्यांच्या शेजारी.

पुढच्या फोनला आई म्हणाली, "पेढे वाटले हं भिशीत."

"कसले?"

"अगं, पुस्तक प्रेसमध्ये गेलं ना तुझं!"

"आई! प्रेस म्हणजे कपाट!"

"कपाटाला प्रेस कोण म्हणतं?"

"इथे सगळे म्हणतात."

"मग छापखान्याला काय म्हणतात? फडताळ?"

मी कपाळावर हात मारला. आईची ती भिशी साधी नव्हे, पुस्तकभिशी. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीतल्या बायका दर महिन्याला पैसे जमवतात आणि जिचा नंबर असेल तिने तिच्या आवडीचं पुस्तक सगळ्यांसाठी आणायचं, त्यावर बोलायचं. आईचा नंबर दिवाळीनंतर होता आणि तिने छातीठोकपणे सांगून टाकलं होतं की माझ्या वेळेला माझ्या लेकीचं पुस्तक. त्यावर भिशीतल्या एक बाई, ज्यांना सगळ्यातलं सगळं कळतं, म्हणाल्या होत्या, "छापलं की बघू." हे वाक्य आईच्या जिव्हारी लागलं होतं.

"मग सांग ना त्यांना, चुकून झालं म्हणून," मी म्हटलं.

"मी काही सांगणार नाही. पेढे खाल्लेत त्यांनी. दिवाळीनंतर मला पुस्तक पाहिजे, नाहीतर त्या बाईसमोर मला तोंड दाखवायला जागा नाही."

"पुस्तक म्हणजे काय इडल्या आहेत का, लावल्या की झाल्या?" मी जाम चिडले. पण आईपुढे चिडून कधी काही झालंय?

पुण्याच्या एका प्रकाशकांना मी बाड पाठवलं, कडा इस्त्री करून. त्यांचा फोन आला तेव्हा इथे डॅफोडिल्स फुलले होते. आवाज शांत, माणूस अदबशीर. म्हणाले, "ताई, लिखाण चांगलं आहे. पण आमच्याकडे रांग आहे. दोनेक वर्षं धरून चाला."

दोनेक वर्षं! माझ्या डोळ्यांसमोर आईच्या त्या बाई उभ्या राहिल्या.

"आणि दोन-तीन गोष्टी," ते पुढे म्हणाले. "शेवटच्या कथेचं शेवटचं पान काढा. तिथे तुम्ही भाषण ठोकताय. दुसरं, ही माणसं डाळ छापखान्यात का ठेवतात?"

मी समजावलं.

"मग कपाट करा की! आणि ही मुलगी आईला फोनवर 'ग्रँड' काय म्हणते? कशी आहेस, तर ग्रँड. असं मराठी माणूस बोलतो?"

"आमच्याकडे बोलतो."

"तिथे 'मजेत' करा. वाचक अडखळतो हो."

फोन ठेवला आणि मी घरभर आदळआपट केली. भाषणाबद्दल ते म्हणाले ते बरोबर होतं, याचा जास्त राग आला.

नवरा म्हणाला, "अगं, स्वतःच काढ ना. आता कोण प्रकाशकासाठी थांबतं?" तो ग्रँड कॅनाल डॉकला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिथे सकाळी काहीतरी जगासमोर सोडून देतात आणि दुपारी दुरुस्त करतात, तेव्हा त्याला सगळं सोपं वाटतं. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते. आमच्याकडे पहिला नियम हा, की स्वतःच्या कामावर स्वतः पास म्हणून सही करायची नाही. दुसऱ्या कुणीतरी बघितलंच पाहिजे. प्रकाशक मला त्यासाठीच हवा होता. परक्या माणसाने माझं लिखाण वाचून म्हणावं, हे पुस्तक आहे. मी कितीही म्हटलं तरी त्याला काय अर्थ?

"स्वतःच्या पैशाने छापतात ती लग्नपत्रिका," मी म्हणाले. "पुस्तक नव्हे."

"लग्नपत्रिका लोक वाचतात तरी. तारीख, वार, जेवणाची वेळ, सगळं."

"तू गप्प बस."

उन्हाळ्यात आई आली. बाबांना तीन महिने घर सोडवत नाही, म्हणून ती एकटीच. आल्याआल्या तिने हॉट प्रेस उघडून बघितलं. प्रकाशकांच्या खुणा असलेलं ते बाड परत येऊन पुन्हा त्याच जागी बसलं होतं. "हे होय ते प्रेस!" म्हणाली, आणि तिथेच उभ्याउभ्या पहिलं पान वाचायला लागली.

मग रोज दुपारी ती सोफ्यावर पाय वर घेऊन वाचायची. माझी लेक तेव्हा सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर पक्क्या डब्लिनी इंग्रजीत. आजीने विचारलं, साखर कुठेय गं, की ही ओरडायची, "इट्स इन द प्रेस, आजी!" आणि आई उठून विचारायची, "वरच्या का खालच्या?" पंधरवड्यात ती स्वतःच "चहाचा डबा प्रेसमध्ये ठेवलाय बरं का" म्हणायला लागली. भिशीतल्या मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "इथे ना, डाळसुद्धा प्रेसमध्ये असते!" आणि स्वतःच खोखो हसत होती.

एक दिवस मी कामावरून आले तर ती हसत नव्हती. बाड मांडीवर पालथं.

"यात मी आहे," ती म्हणाली.

"अगं, गोष्ट आहे ती."

"गोष्टच आहे. पण मी आहे. ती मुलगी फोनवर ग्रँड म्हणते आणि तिची आई म्हणते मजेत. दोघी खोटं बोलतात."

मी बॅग खाली ठेवली. ती कथा तेवढीच होती. परदेशातल्या मुलीला काही धड चाललेलं नाही, तिकडे आईचंही बरं नाही, आणि दर रविवारी एक म्हणते ग्रँड, दुसरी म्हणते मजेत.

"मी मजेत म्हणते तेव्हा तुला कळतं?" आईने विचारलं.

"कळतं."

"मग बोलत का नाहीस कार्टे?"

"तू तरी कुठे बोलतेस माझ्या ग्रँडवर?"

ती रडली, मीही रडले. लेक आतून आली आणि "आर यू ओके?" म्हणाली. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "ग्रँड!" मग असं काही हसू आलं की विचारू नका. आईला तर उचकीच लागली.

दुसऱ्या दिवशी मी प्रकाशकांना फोन लावला. म्हटलं, "तिथे मजेत केलं तर दोघी एकच शब्द बोलतील आणि गोष्टच उरणार नाही. तो ग्रँड तिचा पडदा आहे आणि मजेत हा आईचा."

ते म्हणाले, "पटलं. पण हे मला फोनवर का समजावताय? कथेत एवढं स्पष्ट दिसू दे."

"दिसेल. शेवटचं पान मी काढलंय."

"वा! म्हणजे ऐकता तुम्ही." ते हसले. "रांग मात्र आहे तिथेच आहे हो. मी खोटं कशाला सांगू?"

मी घाबरतच म्हटलं, "स्वतः काढलं तर?"

मला वाटलं, आता हे नाक मुरडणार. तर म्हणाले, "काढा की. त्यात कमीपणा काही नाही. गचाळ छापू नका, एवढंच बघा. आणि दुसरं लिहायला घ्याल तेव्हा मला आधी सांगा. आत्तापासून रांगेत उभं करतो."

मला एवढं हलकं वाटलं! ज्या सहीसाठी मी अडून बसले होते ती फोनवरच झाली होती. आणि खरं सांगायचं तर त्याच्या आदल्या दिवशी सोफ्यावर झाली होती.

आई ऑगस्टमध्ये परत गेली. माझ्या बचतीतून पुण्यातल्या एका लहान छापखान्यात काम दिलं आणि आता आई खऱ्याखुऱ्या प्रेसमध्ये जाऊन बसायला लागली, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन. तिथल्या अक्षरजुळणी करणाऱ्या माणसाला वाटलं, बाईंच्या हातून चूक झालीय. त्याने भल्या मनाने सगळीकडे ग्रँडचं ब्रँड करून टाकलं. कशी आहेस? ब्रँड. आईने त्याला शेजारी बसवून एकेक दुरुस्त करून घेतलं. "नाही हो, ग्रँडच. आमच्याकडे तसंच म्हणतात," असं तिने त्याला सांगितलं म्हणे. आमच्याकडे! मी इकडे डब्लिनच्या बसमध्ये ते ऐकून एकटीच हसत होते.

सगळं जुळत आलं तेव्हा छापखान्यातून विचारणा झाली, प्रकाशक म्हणून कुणाचं नाव घालायचं? तो रकाना मी साफ विसरले होते. नवरा म्हणाला, "लोक स्वतः पुस्तक काढतात तेव्हा बायकोचं नाव टाकतात. तू नवऱ्याचं टाक. मी लगेच तयार आहे."

"तू एक ओळ तरी वाचलीस का?"

"प्रकाशकाने वाचलंच पाहिजे असं कुठेय?"

मी आईला फोन लावला. म्हटलं, "तुझं नाव घालते प्रकाशक म्हणून. चालेल?"

पलीकडे आईने टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं.

"कुठलं?" तिने विचारलं.

"कुठलं म्हणजे?"

"आधीचं घालशील? माहेरचं?"

आईचं नाव लग्नात बदललेलं. तेव्हा सगळ्यांचीच बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे, त्यात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं, बायकांनी ते वाचायचं, पेढे वाटायचे. मामा तिला नुसतं ताई म्हणतो आणि आजी गेल्यावर तिला जुन्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं.

"ते नाव एकदाच छापून आलं गं," आई म्हणाली. "लग्नपत्रिकेत. आणि त्याच दिवशी गेलं."

स्वतःच्या पैशाने छापतात ती लग्नपत्रिका, असं तोऱ्यात म्हणणारी मी. मोठ्या प्रकाशकाचा शिक्का त्या जागी आला असता तर आईने हे मला कधी सांगितलंच नसतं.

"घालते," मी म्हणाले. "आडनाव?"

"तेही तेव्हाचंच घाल."

"बाबांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? चष्मा लावून वाचतील तेव्हा कळेल त्यांना." मग घाईघाईने म्हणाली, "आणि त्यात वेलांटी दीर्घ आहे हं. ऱ्हस्व काढशील."

मी ऱ्हस्वच काढली होती. आईच्या नावातली वेलांटी तिला मला सांगावी लागली. ती दुरुस्त करून मी नाव पाठवून दिलं आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. किती छान नाव होतं!

दिवाळी झाली. भिशी आईच्याच घरी होती आणि तिने फोन फुलदाणीला टेकवून ठेवला होता. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये नाश्त्याच्या सुट्टीत, कानात वायरी घालून बघत होते. माझ्या समोरचा चहा गार होत होता. तिथे पुस्तकं हातोहात फिरत होती, मुखपृष्ठ बघून बायका छान छान म्हणत होत्या. छापलं की बघू म्हणणाऱ्या त्या बाईंनी मात्र मुखपृष्ठ उलटलं, चष्मा नीट केला आणि तपासणीला आल्यासारखं आतलं बारीक अक्षर वाचायला घेतलं. मुद्रक वाचलं. प्रकाशक वाचलं. नाव मोठ्याने वाचलं, आडनावासकट, अगदी स्पष्ट.

"ही कोण बाई?" त्यांनी विचारलं. "कधी ऐकलं नाही नाव."

आईच्या हातात पेढ्यांचं ताट होतं. ते तिने आधी खाली ठेवलं.

"मी," ती म्हणाली.