द्राक्षांवरची झाक

दादाच्या द्राक्षबागेत त्या सकाळी दोन छोटे ट्रॅक्टर आले होते, एक लाल आणि एक निळा. दोन्ही कंपन्यांची माणसं त्याला ताकद, ॲव्हरेज, सर्व्हिसिंग समजावत होती. दादा लाल बॉनेटवर हात ठेवून उभा होता, म्हणजे त्याचं ठरलंच होतं.

वहिनीचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. "आधी दोन्ही एकेका ओळीतून नेऊन दाखवा," एवढंच ती म्हणाली. घड काढणीला आलेले, म्हणून दादा कचरला.

"म्हणूनच आत्ता. छाटणीनंतर उघड्या बागेत कुठलाही ट्रॅक्टर जातो."

ट्रॅक्टर गेले आणि मागून ती वाकून घड बघत चालत गेली. यंत्राकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. पिकत्या द्राक्षांवर एक पांढुरकी झाक असते, नुसतं बोट लागलं तरी पुसली जाते, आणि पुसलेल्या मालाला बाजारात भाव कमी मिळतो. वहिनी तेवढीच पाहत होती.

मी आजवर मोटारसायकल घेतली, फ्लॅट घेतला, आणि दर वेळी ही वस्तू मला काय देईल एवढंच विचारलं. आत येताना ती कशाला घासेल, हे कधी मनातही आलं नाही.

निळ्याच्या ओळीत झाक जशीच्या तशी होती; लाल ट्रॅक्टरच्या ओळीत मात्र खालचे घड एका अंगानं झाक पुसून चकचकीत झाले होते. मला तर ते जास्तच देखणे वाटले. वहिनीनं त्यातला एक कापून दादाच्या हातात दिला. दादानं तो फिरवून पाहिला.

"निळा घेऊ," तो म्हणाला, आणि रुमाल काढून लाल बॉनेटवरचे आपल्या बोटांचे ठसे हळूच पुसून टाकले.